खलनायकालाही वर हवा

मोबाइलवरच्या खेळांनी मुलं बिघडतात, असं प्रत्येक पालकसभेत कुणीतरी म्हणतंच. मी पेणची आणि नोकरीला रोह्यात. दिवा–रोहा गाडीने कासू, नागोठणं करत शाळेत पोचते, मराठी शिकवते, आणि पालकसभा मला चुकत नाहीत. माझीही या खेळांबद्दल तक्रार आहे, पण ती वेगळी. त्यांच्यातले खलनायक फार कच्चे असतात. काळा झगा, लाल डोळे, घोगरा आवाज आणि एकच इच्छा: जगाचा नाश. तो का करायचा, जग संपल्यावर हा राहणार कुठे, त्याला जेवायला कोण वाढणार, हे कुणी विचारत नाही. मुलं त्याला मारतात आणि पुढच्या लेव्हलला जातात. त्यात मारामारी आहे याचं मला फारसं काही वाटत नाही. डोकं लागत नाही, याचं वाटतं.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. या सगळ्या अद्भुतरम्य खेळांचं मूळ मोबाइलमध्ये नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार. तो जग उभं करतो: समोर दरी आहे, पलीकडे दिवा दिसतोय, काय करता? बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करेल ते सांगतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सुरुवातीला पात्रांचे प्रकार तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि देवाधर्माचा माणूस. पुढच्याच वर्षी त्यात चोर आला. नंतर भर पडतच गेली. आज मुलं मोबाइलवर जे ‘क्लास’ निवडतात, त्यांची कुळी बरीचशी इथलीच.

याच खेळाने स्वभावाचेही कप्पे केले. आधी नियम पाळणारा, मधला आणि बेबंद असे तीन. मग त्यांना चांगल्या-वाइटाची जोड देऊन नऊ. सोय म्हणून हे झकास आहे. नवखा खेळाडू कप्पा निवडतो आणि कसं वागायचं ते त्याला कळतं. पण राक्षसांच्या पुस्तकात प्रत्येक जातकुळीपुढे तिचा कप्पा आधीच छापलेला असे. ऑर्क नावाच्या कुळीत जन्मला की दुष्ट. त्याने काय केलं हे विचारायची गरजच नाही.

आपला राक्षसही तिथे आहे, हे मला उशिरा कळलं. १९७७ च्या त्या पुस्तकातला राक्षस वाघाच्या तोंडाचा, अंगात उंची झगा, हातात पाइप, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. कप्पा: नियमबद्ध दुष्ट. तो रामायणातून थेट आलेला नाही, एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून फिरून आलाय. रावणाचा वंशज असा पाइप ओढताना पाहून मला हसू आलं. पण त्याची तपश्चर्या, त्याचं पांडित्य, त्याचा अहंकार हे सगळं सामान वाटेत कुठेतरी पडून गेलं होतं आणि वाघाचं तोंड तेवढं पोचलं होतं.

शाळा सुटल्यावर आमच्याकडे काही मुलं थांबतात आणि आम्ही हा खेळ मराठीतून खेळतो. वीस बाजूंचा फासा मिळेपर्यंत स्टीलच्या तांब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून भागवलं. अष्टमी गावातली मुलं असतात, धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची असतात, नदीपलीकडच्या गावांतली असतात. सुरुवातीच्या एका डावात सूत्रधार झालेल्या मुलाने जंगलात दरोडेखोर उभे केले. त्यांचं वर्णन त्याने सहज केलं: काळे, उघडे, हातात कोयता, डोंगराच्या पायथ्याशी झोपड्यांच्या वाडीत राहणारे. गोलात कातकरवाडीवरची मुलंही होती. ती काही बोलली नाहीत. त्यांची पात्रं मात्र त्या दिवशी लढायला पुढे झाली नाहीत.

तो मुलगा दुष्ट नव्हता. खेळाने कप्पा दिला होता आणि त्याने त्यात आजूबाजूला दिसणारा चेहरा बसवला. सरकारनेही हेच केलं होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं, लोकांच्या मनातून अजून पुसतोय. आता हा खेळ काढणाऱ्या कंपनीलाही हे उमगलं. ऑर्कसारख्या कुळांना सरसकट दुष्ट रंगवणार नाही, असं तिने २०२० मध्ये जाहीर केलं, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकातून ‘वंश’ हा शब्दच काढला. बरं केलं. पण कप्पा पुसल्याने खलनायक घडत नाही, तो फक्त कोरा होतो. मग घडवायचा कसा?

याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्या पुराणांतला असुर आठवा. तो आधी तप करतो, तेही असं की देवांना आसन सोडून यावं लागतं. मग वर मागतो, आणि मागताना एक फट राहते. रावणाने देव, दानव, यक्ष सगळ्यांपासून अभय मागितलं, माणूस आणि वानर मोजले नाहीत. महिषासुराने स्त्रीला हिशेबात धरलं नाही. हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, आत-बाहेर, माणूस-पशू सगळं बांधून घेतलं, संध्याकाळ आणि उंबरठा विसरला. भस्मासुराला तर वरच बाधला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांची ताकद कमावलेली आहे आणि त्यांचा विनाश त्यांच्याच मागण्यात दडलेला आहे. ज्याला त्याने तुच्छ मानलं, ते त्याच्या अंगावर येतं.

आपले नाट्यशास्त्रवालेही यात काटेकोर होते. त्यांनी नायकाचे चार स्वभाव सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. रावणासारखा प्रतिनायक यातल्या चौथ्यात बसतो. म्हणजे रामाच्या शत्रूलाही ‘धीर’ हा गुण त्यांनी नाकारला नाही. उद्धटपणा त्याचा, पण धैर्य दोघांचं. आणि बळीराजाचं काय करायचं? पुराणात तो असुर, पाताळात ढकललेला. पण दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे घरोघर त्याचंच राज्य यावं म्हणून ओवाळतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त तर बाजूच उलटवली: बळी आपला, वामन परका. नऊ कप्प्यांच्या तक्त्यात बळीला कुठे बसवणार, हे मी मुलांना विचारते. अजून दोघांचं एकमत झालेलं नाही.

माझ्या माहेरी पेणला गणपतीचा कारखाना. गणपती गेले की नवरात्राच्या देव्यांची घाई सुरू होते. देवीचा चेहरा काकांकडे, तिच्या डोळ्यांची आखणी काका स्वतः करणार, पण पायाखालचा महिषासुर शिकाऊ पोरांच्या वाट्याला. तांबडे डोळे, दोन सुळे, झालं. काका मात्र तो परत हातात घेत. त्याची बुबुळं वर फिरवत, देवीकडे लागलेली. म्हणत, ‘ह्याला समोर कोण उभंय ते कळलं नाही, तर त्रिशूळ नुसताच टोचलेला दिसतो.’ मला खेळांच्या लेखकांना तेच सांगायचंय. नायकाच्या अंगावर कितीही हिरेकाम करा, समोरच्याच्या डोळ्यांत काही नसेल तर तो भारी वाटणार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की खलनायकाची बाजू सांगत बसलं की वाइटाचं समर्थन होतं. हल्ली सिनेमांत आणि वेबसिरीजमध्ये तसं होतं खरं. खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटवतात. बाप दारुडा, आई गेलेली, शाळेत मार खाल्लेला, मग काय, त्याने शहर जाळलं तर बिचाऱ्याचा दोष तो काय! मलाही ही पद्धत आवडत नाही. पण वर ही वेगळी गोष्ट आहे. दुःख माणसावर येऊन पडतं, वर तो स्वतः मागतो. दुःखी बालपण खलनायकाची जबाबदारी कमी करतं, वर ती वाढवतो, कारण त्याच्यापुढे देव उभा होता आणि काहीही मागता आलं असतं. रावणाचं तप मोठं होतं म्हणून सीतेचं हरण क्षम्य ठरत नाही. उलट, एवढं तप करणारा माणूस इतक्या खाली उतरला, हे जास्त झोंबतं.

आमच्या खेळात हा नियम लावल्यावर काय झालं ते सांगते. पेणच्या खारेपाटात आजोळ असलेल्या एका मुलाने खलनायक रचला. खारेपाट म्हणजे खाडीलगतची भातशेती. खारं पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध, पावसाचं गोडं पाणी सोडायला उघाडी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढे काही वर्षं ती जमीन पिकत नाही. म्हणून बांधबंदिस्तीला गावाने एकत्र राबायची ‘जोळ’ ही जुनी रीत. या मुलाच्या गोष्टीतल्या शेतकऱ्याचा बांध रात्री फुटतो, तो हाका मारतो, जोळीला कुणी येत नाही. तो खाडीकाठी बसून तप करतो. खाडी प्रसन्न होते. तो मागतो: माझ्या बांधाच्या आत खारं पाणी कधी येऊ नये. खाडी म्हणते, तथास्तु.

आता गंमत बघा. या माणसाने कुणाला हात लावलेला नाही. पण त्याच्या बांधावरून परतलेलं पाणी शेजाऱ्यांच्या बांधांवर दुप्पट जोराने आदळायला लागलं. एकेक शेत खारं झालं, आणि तो पडेल भावाने विकत घेत गेला. गावाला तो राक्षस वाटायला लागला आणि हळूहळू तोही तसाच वागायला लागला. नायक मंडळी आली: एक लढवय्या, एक भगत, एक वाटाड्या, एक मासळी विकणारी कोळीण. लढवय्याने लगेच तलवार काढली. सूत्रधाराने विचारलं, ‘मारशील, पण वर त्याच्या बांधाला आहे. तो मेल्यावर बांध कुणाचा?’ त्या दिवशी फासा पडलाच नाही, नुसतं भांडण झालं. शेवटी कोळीण झालेली मुलगी म्हणाली, ‘त्याचा बांध कुठे संपतो, हे वरात सांगितलंय का? आपले सगळे बांध त्याच्या बांधाला जोडून टाकू. मग सगळा एकच बांध.’

सांगितलेलं नव्हतं. गावाने रात्रीतून माती टाकून बांधाला बांध भिडवला आणि खाडीचा वर गावाला लागू झाला. पण त्यासाठी गावाला जोळीला जावं लागलं, ज्याला ते पहिल्यांदा गेले नव्हते. खलनायकाचं काय झालं? मुलांनी ठरवलं की त्याला उघाडीचा राखणदार करायचं आणि विकत घेतलेली शेतं परत घ्यायची. दोन्ही. शिक्षा आणि काम. मला वर्गात निबंध लिहायला लावून हे मिळालं नसतं.

आणि हा पोरखेळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्याच रायगड जिल्ह्याचा इतिहास उघडून बघावा. खोत हा काही शिंगं घेऊन जन्मलेला नव्हता. त्याला सत्तेने वर दिलेला होता: गावचा सारा गोळा कर, सरकारचा भरणा कर, कुळांकडून वसूल कर. या वराच्या जोरावर तो गावाचा मालक झाला. त्याच्याशी हातात कोयते घेऊन भिडणं म्हणजे वराशीच भिडणं, मागे सरकार उभं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांना फट सापडली. खोताचा हक्क पिकावर होता, पीक काढायचं की नाही हे कुळांच्या हातात होतं. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने त्यांनी १९३३ मध्ये ठरवलं, जमीन कसायचीच नाही. चरीत आणि आसपासच्या गावांत हा संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये कूळ कायदा झाला, १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. इतकी चोख गोष्ट मी कुठल्याही खेळात पाहिलेली नाही. खलनायकाचा अधिकार कशावर टिकून आहे ते ओळखायचं आणि तेवढंच काढून घ्यायचं.

चरीवरून नायकाचाही मुद्दा निघतो. एकट्या नायकाचं वेड आपल्याला सिनेमाने लावलं. टेबलावरच्या या खेळाचा मोठेपणा असा की त्यात एकटा नायक नसतोच, टोळी असते. लढवय्याला कुलूप उघडता येत नाही, जादूगार दोन वारांत आडवा होतो. एकमेकांवाचून चालत नाही. जोळीचं आणि संपाचं तरी वेगळं काय होतं? रायगडच्या मुलांना हा प्रकार शिकवावा लागत नाही, तो त्यांच्या आजोळी असतो.

एक साचा मात्र परदेशी खेळांत मला अजिबात सापडत नाही: गाव न सोडणारा नायक. तिकडे पहिल्या प्रसंगात नायकाचं गाव जळतं, म्हणजे तो प्रवासाला मोकळा. रोह्यात या. इथलं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर पालखी निघते, पोलीस शस्त्रांनिशी सलामी देतात आणि पालखी रात्रभर गाव फिरते. हा वीर राज्य जिंकायला जात नाही. तो आपल्या हद्दीत घराघरांसमोरून जातो, कोण कसं आहे ते बघतो. राखणदाराचा हा साचा कोकणात जागोजागी आहे. आमच्या खेळात आता एक पात्र राखणदाराचं असतं. त्याला शिवेबाहेर शक्ती नाही, पण शिवेच्या आत त्याला प्रत्येक घराची अडचण ठाऊक असते. सुरुवातीला ते पात्र कुणी घेत नसे, कारण त्यात लढाई कमी. आता त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

आपल्याकडे खेळ बनवणारे नाहीत असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. डोंबाऱ्याच्या खेळांत वाढलेल्यासारखी कसरती करणारी पोरगी, पळवून नेलेला धाकटा भाऊ गोलू, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि समोर महाबलासुर. राजपुत्राऐवजी कसरतवाली नायिका घेणं हे धाडस होतं आणि ते साधलं. राजी माझ्या लक्षात राहिली, महाबलासुर तितका राहिला नाही. देखावा आपला, वास्तू आपल्या, चित्रं आपली, पण असुराचं तप आणि त्याच्या वरातली फट हे आपलं सगळ्यात तिखट हत्यार होतं. ते आणखी धारदार करता आलं असतं. पुढच्यांनी ते करावं. नुसतं मुकुट आणि गदा घातल्याने खेळ मराठी किंवा भारतीय होत नाही. पेणच्या कारखान्यांत दरवर्षी कुठल्यातरी गाजलेल्या सिनेमाच्या वेशातले गणपती तयार होतात आणि पुढच्या वर्षी त्यांना कुणी विचारत नाही. वेश तेवढाच टिकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खेळ लिहिणाऱ्यांनी खलनायकाच्या कागदावर तीन प्रश्न लिहावेत: याने कशासाठी तप केलं, काय मागितलं आणि मागताना कुणाला मोजलं नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखकाने द्यावीत, तिसऱ्याचं खेळणाऱ्यांना शोधू द्यावं. शाळांनी आठवड्याचा एक तास याला द्यावा. खर्च एका तांब्याचा आणि वीस चिठ्ठ्यांचा. आणि पालकांनी पोराच्या हातातला मोबाइल हिसकावण्याआधी एवढंच विचारावं, ‘तुझ्या खेळातल्या दुष्टाला नक्की काय हवंय रे?’ उत्तर आलं नाही तर खुशाल काढून घ्या. आलं, तर जरा सरकून बसा आणि तुम्हीही एक पात्र घ्या.